भुशाच्या हाताची साखर

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. रविवारी सकाळी नऊ वाजता, ज्या वेळी माणसं कुशीवर वळून पुन्हा झोपतात त्या वेळी, ही सगळी मंडळी आंघोळी करून, इस्त्रीचे कपडे घालून पहिल्या रांगेसाठी एकमेकांना कोपरं मारत होती. नाटक नव्हतं की लग्न नव्हतं. मंचावर एक पांढरा पडदा, पडद्यावर एक आकडा, आणि आकड्याखाली विज्ञानाचे निवृत्त मास्तर उभे. मास्तरांनी डावा हात वर धरला होता. मनगटावर काळं, गुळगुळीत, घड्याळासारखं कडं होतं आणि त्याच्या पोटातून हिरवा उजेड लुकलुकत होता.

"दीड महिन्यापूर्वी साखर किती होती, मास्तर?" निळ्या कोटातल्या मार्गदर्शकाने विचारलं.

"दोनशे दहा!"

"आणि आज?"

पडद्यावरचा आकडा थरथरला, गरगर फिरला आणि थांबला. एकशे चौदा. सभागृहाने असा काही सुस्कारा सोडला, की पुढच्या रांगेतल्या बाईंचा पदर हलला असेल. मग टाळ्या.

"सुई नाही, रक्त नाही, दुखणं नाही!" मार्गदर्शकाचा आवाज चढला. "तुमचं शरीर रोज तुमच्याशी बोलतंय, पण ऐकणारं कुणी नव्हतं. हे कडं ऐकतं. याच्या आत सात थरांची बुद्धिमत्ता आहे. लोक तिला कृत्रिम म्हणतात, मी म्हणतो आत्मीय बुद्धिमत्ता! ती तुम्हाला ओळखते. तुम्ही तिच्याशी जितके प्रामाणिक राहाल, तितकी ती तुमच्याशी प्रामाणिक राहील!"

आत्मीय बुद्धिमत्ता म्हणजे काय, हे कुणी विचारलं नाही. ज्याला कळलं नव्हतं त्याला वाटत होतं की शेजाऱ्याला कळलंय.

शेवटच्या रांगेत एक मोबाइल दुरुस्तीवाला बसला होता. तो आला नव्हता, त्याला त्याच्या ताईने आणला होता. ताई शिवणकाम करायची. तिच्याही मनगटावर ते कडं होतं, आणि मास्तरांचा आकडा थांबला तेव्हा तिने भावाच्या दंडाला असा चिमटा काढला होता, जसा ती तो सहा वर्षांचा असताना काढायची.

"बघितलंस? आणि माझी आज एकशे अठरा आहे."

"बघितलं," तो म्हणाला. त्याला जांभई आली होती, ती त्याने गिळली. ताई खूश होती, आणि ताई खूश आहे हे त्याने बऱ्याच वर्षांत बघितलं नव्हतं.

ताईची खोली म्हणजे एक पायमशीन, एक कापायचं टेबल, एक बिनहातांचा पुतळा आणि जमिनीवर सांडलेल्या टाचण्या. खोलीत ती कायम अनवाणी. लोकांचं पांढरंशुभ्र कापड जमिनीपर्यंत लोळतं, त्याला चपलेची धूळ नको, हा तिचा नियम. बावीस वर्षांत त्या टाचण्या तिच्या पायात शंभरदा रुतल्या असतील. ती "आई गं" म्हणायची, टाचणी उपसून काढायची आणि तीच टाचणी कापडाला लावायची.

गेल्या वर्षीपासून तिचं "आई गं" बंद झालं होतं. डॉक्टरीणबाईंनी तिच्या तळव्याला कापसाचा बोळा लावून विचारलं होतं, "लागतंय?" ताई म्हणाली, "काय लागतंय?" मग डॉक्टरीणबाईंनी दोघा भावंडांना समोर बसवलं. "पायांची जाणीव चाललीय. साखर ताब्यात ठेवा. रोज बोटातलं थेंबभर रक्त तपासा आणि रात्री तळपाय बघा. हे केलंत तर पाय राहील. नाही केलंत तर मला पुढचं बोलायला लावू नका." पाय राहील म्हणजे मशीन राहील, हे डॉक्टरीणबाईंना सांगायची गरज नव्हती. मशीन पायाने चालायचं आणि ताई मशीनवर.

चार महिने तिने इमानाने बोटं टोचली. पण ज्या बोटांनी दिवसभर दोरा ओवायचा तीच रोज टोचायची. आकडा कधी एकशे नव्वद, कधी दोनशे चाळीस. रोज सकाळी शाळेतल्या नापास मुलीसारखं वाटायचं, असं ती म्हणायची. तशात मास्तर सदरा शिवून घ्यायला आले, मनगटावर कडं घालून, आणि आठवड्याभरात ताईनेही तसंच एक घेतलं.

कडं तिच्या फोनला जोडून दिलं ते दुरुस्तीवाल्यानेच. रोज वीस गिऱ्हाइकांचे फोन सुरू करून देणारा माणूस, त्याच्या अंगठ्याला वाचायची सवयच राहिलेली नाही. पुढे, पुढे, मान्य. वय, वजन, पुढे. 'शेवटच्या तपासणीतली साखर' असा एक रकाना आला, त्यात त्याने एकशे नव्वद टाकलं. पुढे. मग एक लांबलचक मजकूर आला, तो त्याने सर्रकन खाली ढकलला आणि मान्य दाबलं. अर्ध्या मिनिटाचं काम. तसं त्याला हे खूळच वाटलं होतं, पण म्हातारपणाकडे झुकलेल्या बहिणीला एखादं खेळणं आवडलं तर बिघडलं काय, असा त्याने विचार केला. तो विचार त्याला आयुष्यभर पुरणार होता.

दुकानात दिवसभर बसणाऱ्याला लोकांची मतं फुकट ऐकायला मिळतात. कुणी म्हणतं फोन आपलं बोलणं चोरून ऐकतो, म्हणून ते गृहस्थ भांडण करायच्या आधी फोन उशीखाली ठेवतात. कुणी म्हणतं नवीन मॉडेल निघालं की कंपनी जुन्या फोनला मुद्दाम म्हातारा करते. एका बाईंच्या मते सगळं बिघडलं ते अपडेटमुळे, त्यांच्या यजमानांच्या गुडघ्यासकट. कंपन्या चोर आहेत यावर सगळ्यांचं एकमत. पण हीच माणसं फोनने "शाबास, आज तुम्ही छान झोपलात!" असं म्हटलं की लाजतात. फोन बिघडला की संशय येतो. फोनने कौतुक केलं तर कुणालाही येत नाही.

पुढच्या गुरुवारी एक ड्रायव्हर आपलं कडं घेऊन आला. चार्जच होत नव्हतं.

"उघडून बघा. संध्याकाळपर्यंत द्या बरं का, आजचा आकडा राहिलाय माझा."

दुरुस्तीवाल्याने दिवा जवळ ओढला, डोळ्याला भिंग लावलं आणि कड्याचं झाकण उचकटलं. चार्जिंगची एक तार सुटली होती, ती त्याने दोन मिनिटांत डाग देऊन बसवली. मग झाकण लावता लावता त्याचा हात थांबला. हिरवा दिवा होता. असल्या कड्यांत दिवा कातडीवर उजेड पाडतो आणि परत येणारा उजेड बघायला शेजारी बारीकसा डोळा असतो, त्यावरून नाडीचे ठोके मोजतात. साखर त्यावरूनही कळत नाही, पण निदान डोळा तरी असतो. इथे डोळ्याच्या जागी काळ्या रंगाचा ठिपका होता. त्याने नखाने खरवडला. रंग नखात आला.

दिव्याची तार बॅटरीकडे जात होती आणि तिथेच संपत होती. तो लुकलुकायचा, कारण त्याला लुकलुकायला सांगितलं होतं. आत मोजणारा भाग एकच होता, हात हलला की पावलं मोजणारा.

त्याने टेबल पुसायचं फडकं गुंडाळलं, त्याला कडं बांधलं आणि आपल्या फोनवर खोट्या नावाने नोंद केली. शेवटची साखर तीनशे, असं भरलं. कडं गुरगुरलं. नाडी चौऱ्याहत्तर. साखर दोनशे सत्त्याण्णव. "सुधारणा सुरू झाली आहे! शाबास!"

दुरुस्तीवाला एकटाच हसला. मग त्याने ती नोंद पुसली आणि नवी केली. दीडशे भरले, तर एकशे सत्तेचाळीस आले. चारशे भरले, तर तीनशे सत्त्याण्णव. फोनची तारीख एक दिवस पुढे ढकलली, आकडा आणखी दोनने उतरला. चार महिने पुढे ढकलली, तर फडक्याची साखर पार ताळ्यावर आली. 'आज गोड खाल्लंत का?' असा प्रश्न होता, त्याला हो म्हटलं. आकडा बाराने चढला.

इथे त्याचं हसू थांबलं. कारण सभागृहातल्या अर्ध्या लोकांची खात्री याच बारावर पटली होती. 'काल नातवाच्या वाढदिवसाला केक खाल्ला आणि लगेच दाखवलं हो यात!' दाखवणारच. केक खाल्ल्याचं त्याला सांगितलं कुणी? आपणच त्याच्या कानात सांगायचं आणि त्याने तेच मोठ्याने म्हटलं की थक्क व्हायचं. आणि ताईचे ते एकशे अठरा म्हणजे त्याच्याच अंगठ्याने भरलेले एकशे नव्वद होते, दिवसाला दोन-तीनने उतरत आलेले. तिच्या रक्ताचा त्यात थेंबही नव्हता.

तो दुकान अर्धवट ओढून तसाच ताईकडे गेला.

ताई पांढऱ्या कापडाला गोट लावत होती. पायडल एका लयीत चाललं होतं. त्याने सगळं सांगितलं, काळा ठिपका, फडकं, बारा. ती शिवण संपेपर्यंत थांबली नाही.

"झालं तुझं?" तिने दोरा दाताने तोडला. "तुला मोबाइल कळतात, बाबा. शरीर कळतं का?"

"अगं, फडक्याला शरीर असतं का?"

"ड्रायव्हरचं कडं बिघडलेलंच होतं. बिघडलेलं यंत्र काहीही बरळेल. मास्तर चाळीस वर्षं विज्ञान शिकवत होते, त्यांना कळत नाही आणि तुला कळतं?"

"बरं, ते राहू दे. तुझं जुनं यंत्र कुठाय? एकदा बोट टोचू, तीनशे निघाली तर मी खरा, एकशे अठरा निघाली तर तू."

ती उठली नाही. "त्याच्या स्ट्रिपा संपल्यात. आणि मी टोचणार नाही. तुला एवढी खात्री आहे ना? मग रविवारी सगळ्यांसमोर दाखव. मास्तरांनी मान्य केलं तर मी मान्य करीन."

कोपऱ्यावर औषधाचं दुकान होतं. स्ट्रिपांची डबी आणायला पाच मिनिटं लागली असती. ती नको नको म्हणाली असती, तरी धाकट्या भावाने हट्टाने बोट धरलं असतं तर तिने टोचू दिलं असतं. हे त्याला नंतर फार वेळा वाटलं. पण त्या क्षणी त्याच्या डोळ्यांपुढे ते सभागृह आलं, तो पडदा आला, निळ्या कोटाचा उतरलेला चेहरा आला. त्याला जिंकायचं होतं. "ठीक आहे, रविवारी," तो म्हणाला. जाताना त्याने बाह्यांना इस्त्री करायची उशी उचलली. लांबट, भुसा भरलेली, ताईनेच शिवलेली, अगदी हाताच्या आकाराची.

रविवारी मार्गदर्शकाने नेहमीसारखं विचारलं, "आज कोण येतंय पुढे?" दुरुस्तीवाला उठला. मंचावर गेला, पिशवीतून ती उशी काढून टेबलावर ठेवली आणि ड्रायव्हरकडून तासाभरासाठी मागून आणलेलं कडं तिच्यावर बांधलं. फोन पडद्याला जोडला.

"हे कोण?" मार्गदर्शक हसून म्हणाला. अजून त्याला गंमत वाटत होती.

"हे आमचे पाहुणे. यांना कालपर्यंत तीनशे साखर होती."

लोक हसले. पडद्यावरचा आकडा थरथरला, फिरला, थांबला. नाडी शहात्तर. साखर दोनशे अठ्ठ्याण्णव. "सुधारणा सुरू झाली आहे! शाबास!"

"आता पाहुण्यांना केक खायला घालू," तो म्हणाला आणि 'हो' दाबलं. आकडा बाराने चढला. "आता यांचा महिना सरला असं समजू." त्याने तारीख ढकलली. दोनशे तीस. आणखी महिना, एकशे साठ. मग एकशे दहा. भुशाचा हात पूर्ण बरा झाला. पडद्यावर कागदी फुलं उधळली गेली आणि खाली अक्षरं आली: 'तुमच्या इच्छाशक्तीला सलाम!'

कुणी हसलं नाही. दुरुस्तीवाल्याने झाकण उघडून काळा ठिपका दाखवला, खरवडलेला रंग दाखवला, सगळं सोप्या शब्दांत सांगितलं. "तुम्ही पहिल्या दिवशी जो आकडा भरलात तोच हा रोज थोडा थोडा कमी करून दाखवतो. तुम्ही त्याला जे सांगता तेच तो तुम्हाला सांगतो. एवढंच आहे यात. घरी जा आणि एकदा, फक्त एकदा बोटातलं रक्त तपासून बघा."

त्याला वाटलं, आता खुर्च्या उडतील. उडाल्या नाहीत. मार्गदर्शकाने शांतपणे माइक घेतला.

"टाळ्या वाजवा यांच्यासाठी!" तो म्हणाला, आणि लोकांनी चक्क वाजवल्या. "अशीच जागरूक माणसं आम्हाला हवी आहेत. यांनी कडं उघडलं, त्यामुळे ते सराव-अवस्थेत गेलं. सराव-अवस्थेत ते नमुन्याचे आकडे दाखवतं. तरीही यांनी सुचवलेली सुधारणा आम्ही आजच वरपर्यंत पोचवतो. दोन दिवसांत अपडेट येईल."

सुटकेचा निःश्वास म्हणजे काय ते दुरुस्तीवाल्याने त्या दिवशी तीनशे माणसांच्या तोंडून एकदम ऐकलं. मास्तर उभे राहून म्हणाले, "विज्ञान असंच पुढे जातं. चूक, दुरुस्ती, चूक, दुरुस्ती." त्यांच्या आवाजात समाधान होतं.

ताई दाराशी उभी होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"माझी उशी आणलीस," ती म्हणाली. "माझ्या हातची उशी नेऊन चारचौघांत नाचवलीस. सगळे माझ्याकडे बघून हसत होते, बघितलंस?"

"ताई, तुझ्यावर नव्हते गं हसत."

"मीच ना ती भुशाची? मलाच ना रोज शाबास म्हणतं ते?"

ती निघून गेली आणि त्याच्याशी बोलायची बंद झाली.

मंगळवारी अपडेट आलं. बुधवारी मास्तर दुकानात हजर, हातात घरचं फडकं गुंडाळून आणलेलं. त्यांनी फडक्याला कडं बांधलं आणि फोन दुरुस्तीवाल्याच्या नाकासमोर धरला. 'हात सापडला नाही. कृपया कडं मनगटावर घाला.'

"आता बोला!"

दुरुस्तीवाल्याने कडं उलटं केलं. मागे चार्जिंगच्या दोन धातूच्या टिकल्या होत्या. त्याने फडक्याचं टोक पाण्याच्या पेल्यात बुडवलं आणि ओला भाग टिकल्यांना टेकवला. साखर एकशे सात. शाबास.

"मास्तर, कातडी ओलसर असते, तिच्यातून किंचित वीज जाते. तेवढंच तपासतंय ते आता. बाकी सगळं तेच आहे. तुम्ही शाळेत हा प्रयोग मुलांना दाखवला असेल."

मास्तरांनी ओल्या फडक्याला बोट लावून बघितलं. त्यांना कळलं होतं. निदान दुरुस्तीवाल्याला तरी तसं वाटलं, कारण त्यांच्या डोळ्यांत एक क्षण भीती दिसली. मग त्यांनी कडं पुसून मनगटावर चढवलं. "ओलं फडकं कोण हातात घालतं?" ते म्हणाले आणि गेले.

त्याने कंपनीला तक्रार लिहिली. उत्तर अर्ध्या सेकंदात आलं, 'आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.' दोन वेळा ताईच्या दारापर्यंत गेला. आतून मशीनचा आवाज येत होता. ती कामात आहे, नंतर बोलू, असं म्हणून तो परतला. खरं तर त्याचाही अहंकार दुखावला होता. आपण खरे होतो, मग आपणच का नमायचं?

पंधराव्या दिवशी ताईच्या गिऱ्हाईक बाई दुकानात आल्या. बोलू की नको असं करत म्हणाल्या, "तुमच्या ताईंच्या खोलीत वास येतो हो. त्या म्हणतात कापडाचा गठ्ठा भिजलाय. पण तो वास कापडाचा नाही."

तो पळत गेला. ताई मशीनवर बसली होती, चेहरा तापाने लालबुंद. पायडलवर डाग होता. त्याने खाली बसून तिचा उजवा पाय हातात घेतला. तळव्याच्या मधोमध टाचणीचं मोतिया रंगाचं बोंड दिसत होतं, छानपैकी आत बसलेलं, आणि त्याच्याभोवती तळवा काळा पडला होता.

"काय आहे?" तिने विचारलं.

"तुला दुखत नाही?"

"काय दुखत नाही?"

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी बोट टोचलं. चारशे बारा. त्यांनी पुन्हा टोचलं, कारण ताई म्हणत होती की असं होणारच नाही. चारशे नऊ. पलंगावर पडलेल्या ताईच्या मनगटावर कडं गुरगुरलं आणि उजळलं. साखर एकशे आठ. शाबास.

"तळपाय रोज बघायला सांगितलं होतं ना?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"साखर चांगली होती," ताई म्हणाली. "चांगली असताना कशाला बघायचं?"

डॉक्टरीणबाई त्याला बाहेर घेऊन आल्या. टाचणी रुतून तीनेक आठवडे झाले असतील, म्हणाल्या. अगदी पंधरा दिवस आधी आला असतात तरी जखम साफ करून निभावलं असतं. आता घोट्याच्या वरून काढावा लागेल. पंधरा दिवस. त्याने मनात मोजलं. रविवार, ते सभागृह, तो जिंकलेला रविवार.

शस्त्रक्रिया चालू असताना बाहेरच्या बाकावर बसून त्याने ताईच्या फोनवर तो लांबलचक मजकूर उघडला, आयुष्यात पहिल्यांदा वाचायला म्हणून. एकविसाव्या परिच्छेदात लिहिलं होतं: हे उपकरण वैद्यकीय नाही. यातले आकडे केवळ प्रोत्साहनासाठी आहेत. त्यांच्या आधारे उपचारांचा निर्णय घेऊ नये. खाली तारीख होती, वेळ होती आणि शब्द होता: मान्य. तो त्याच्या अंगठ्याचा होता. दाद मागायला जावं तर कागदोपत्री गुन्हेगार तोच. त्याला रडू आलं आणि तो रडला, समोरून माणसं जात-येत होती तरी.

मास्तर भेटायला आले. चादर जिथे सपाट झाली होती तिकडे न बघता खुर्चीवर टेकले.

"नोंदी राहिल्या असतील तुमच्या मधल्या काळात," ते मऊ आवाजात म्हणाले. "नाही तर असं व्हायचं नाही. पण एक सांगतो, कडं होतं म्हणून एका पायावर भागलं."

मास्तरांच्या बुटांकडे दुरुस्तीवाल्याचं लक्ष गेलं. उजव्या बुटाची नाडी सैल सोडलेली होती, पाय सुजल्यावर माणसं सोडतात तशी. "मास्तर, मोजे काढून दाखवता का?" तो म्हणाला. मास्तर घाईने उठले. त्यांना कुठेतरी जायचं होतं.

आता ताई दुकानातच एका कोपऱ्यात हातमशीन घेऊन बसते. उजव्या हाताने चाक फिरवायचं, डाव्याने कापड सारायचं. काम निम्म्यावर आलं आहे, टाका पूर्वीसारखा सरळ येत नाही, हे तिला कळतं. रोज सकाळी ती न सांगता बोट पुढे करते. कडं मात्र तिने काढलं नाही. डाव्या मनगटावरचं उजव्यावर घातलं. "राहू दे, लोकांना दाखवायला होईल," म्हणाली.

दुरुस्तीवाल्याने टेबलावर रक्त तपासायचं यंत्र ठेवलंय आणि वर पाटी लावली आहे: 'साखर इथे मोफत तपासून मिळेल. यंत्राला आपण काहीही सांगायचं नाही, मग ते काय सांगतं ते बघायचं.' दोन महिन्यांत तिघे आले. एकाने आकडा बघितला आणि तुमचं यंत्र जुनं आहे म्हणून निघून गेला. सभागृहात मात्र आता दोन सत्रं होतात, जागा पुरत नाही.

परवा एक बाई आल्या. मनगटावरचं कडं काढून टेबलावर ठेवलं. "याचा नुसता पट्टा बदलून द्या. सैल झालाय. वजन उतरलंय ना माझं!" पाय जरा ओढत चालल्या होत्या.

तेवढ्यात कोपऱ्यात ताईचं कडं गुरगुरलं. तिला चष्म्याशिवाय बारीक अक्षर दिसत नाही.

"काय म्हणतंय रे?"

त्याने जाऊन वाचलं. मोठ्याने वाचलं, बाईंना ऐकू जावं म्हणून. "आज तुम्ही सहा हजार पावलं चाललात. शाबास!"

ताईने चाकावरचा हात काढला आणि साडी थोडी वर धरली. बाईंनी बघितलं. एक पाय जमिनीवर होता, आणि दुसरा जिथे असायला हवा तिथे स्टुलाचा पाय दिसत होता.

"बाई गं," ताई म्हणाली, "चाक फिरवते ना, ते मोजतंय. माझी साखरही अशीच मोजली यानं. बोट दे त्याला. मुंगी चावल्यासारखं होतं, बस. मी दिलं नाही."

दुरुस्तीवाल्याने सुई काढून तयार ठेवली. बाई खाली बघत होत्या, मग कड्याकडे, मग पुन्हा खाली. त्यांचा हात टेबलापर्यंत आला. तिथे बराच वेळ थांबला.

"पावलं चुकत असतील हो," शेवटी त्या म्हणाल्या. "पण साखर बरोबर सांगतं." आणि हात मागे घेऊन त्यांनी पदरात गुंडाळला.

एका थेंबाचं काम आहे. भक्ती लागत नाही, सभागृह लागत नाही, सात थरांची बुद्धी लागत नाही. ज्याला आपण आधी काही सांगितलेलं नाही अशा एखाद्या गोष्टीला एकदा विचारून बघायचं, आणि उत्तर आवडलं नाही तरी ते ऐकायचं. एवढं केलं असतं तर ताईच्या पायात आज चप्पल असती. हे तो येईल त्याला सांगतो, बाईंनाही त्याने सांगितलं. त्यांनी मान डोलावली.

मग त्याने सुई डबीत ठेवली आणि पट्टा बदलून दिला.